एका चौकोनात न मावणारा माणूस

गेल्या थंडीत कामानिमित्त चंदीगडला जाणे झाले. तिथे माझी मावशी राहते, सेक्टर ४३ मध्ये. बाहेरगावी जाणाऱ्या बसचा मोठा अड्डा आणि जिल्हा न्यायालय तिथेच असल्याने दिवसभर माणसांची वर्दळ असते. आत वळले की मात्र एकदम शांत गल्ल्या, दारापुढे ऊन खात बसलेली म्हातारी माणसे आणि मुळ्याची पाने निवडणाऱ्या बायका. या शहरात पत्ता म्हणजे नुसते आकडे. पेठ नाही, आळी नाही, वाडा नाही. मावशी लग्न होऊन पुण्याहून इथे आली तेव्हा तिला वाटले होते, आकड्यांच्या गावात जीव कसा रमायचा? पण रमला. तो रमवणारे काका आता नाहीत.

भिंतीवर काकांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटोखालच्या कपाटात वर्तमानपत्राचे एक कात्रण जपून ठेवलेले. चार बोटांचा चौकोन. त्यात नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एक ओळ : प्रेमळ पती, वडील आणि आजोबा. जाहिरात माझ्या मावसभावाने पुण्याहून फोनवरूनच दिली होती.

कात्रण माझ्या हातात देत मावशी म्हणाली, ''यात खोटे काही नाही गं. पण यात ते कुठे आहेत? ही ओळ कुणाच्याही नावाखाली छापली तरी चालेल.''

मला एकदम उत्तर सुचले नाही.

काका गेले मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मावशी स्वतः आजारी, एका खोलीत बंद. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. दोघांनाही येता आले नाही. शेजारच्या सरदारजींनी धावपळ केली. रुग्णालयातून काकांना परस्पर सेक्टर २५ च्या स्मशानभूमीत नेले. महिनाभराने मुलगा आला, मग अस्थी हरिद्वारला गेल्या. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, पण मावशीला शेवटचे तोंडही पाहता आले नाही. ना कुणी गळ्यात पडून रडले, ना तेराव्याला घर भरले. ''मला वाटायचे, मीच कमी पडले,'' ती म्हणाली. ''धडपडत का होईना, मी जायला हवे होते.''

त्याच गावात, त्याच दिवसांत

ही टोचणी पुढच्याच महिन्यातल्या एका बातमीने थोडी बोथट झाली, असे मावशी सांगते. ती बातमी तुम्हीही वाचली असेल. धावपटू मिल्खासिंग याच शहरात राहत. १३ जून २०२१ रोजी त्यांच्या पत्नी निर्मल कौर मोहालीच्या रुग्णालयात करोनाने गेल्या. त्या ८५ वर्षांच्या होत्या. मिल्खासिंग त्या वेळी चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. पत्नीच्या अंत्यसंस्काराला ते जाऊ शकले नाहीत. पाचच दिवसांनी, १८ जूनच्या रात्री, वयाच्या ९१ व्या वर्षी तेही गेले. दुसऱ्या दिवशी सेक्टर २५ मध्येच त्यांना सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. शेवटच्या प्रवासात त्यांच्या हातात निर्मलजींचा फोटो ठेवलेला होता.

मावशी म्हणाली, ''एवढा मोठा माणूस, पण त्यालाही बायकोला पोहोचवायला जाता आले नाही. तेव्हा मला पटले, की हे माझे कमी पडणे नव्हते. ते दिवसच तसे होते.''

मिल्खासिंगांची शर्यत सगळ्या देशाला ठाऊक आहे. फाळणीत आईवडील गमावलेला पोरका मुलगा दिल्लीला आला. विनातिकीट रेल्वेप्रवासासाठी तुरुंगात गेला, तेव्हा बहिणीने दागिने विकून त्याला सोडवले. लष्कराने तीनदा नाकारल्यावर चौथ्यांदा तो भरती झाला. १९५८ मध्ये कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांचे सुवर्णपदक मिळाले. १९६० मध्ये रोमला ४०० मीटरचे कांस्यपदक सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने हुकले. त्या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रम १९९८ पर्यंत टिकला, पण हुकलेल्या पदकाची खंत त्यांनी म्हातारपणापर्यंत बोलून दाखवली.

हे झाले जगाचे मिल्खासिंग. घरातले कसे होते?

निर्मलजी स्वतः भारताच्या महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. दोघांची भेट १९५५ मध्ये कोलंबोला झाली आणि १९६२ मध्ये लग्न. तीन मुली, एक मुलगा. मुलाने खेळाडू व्हावे असे वडिलांना वाटत नव्हते. खेळाच्या वाटेवरचे काटे त्यांनी स्वतः तुडवले होते ना! पण मुलगा जीव गोल्फपटू झाला, नावारूपाला आला. वडिलांप्रमाणेच तोही पद्मश्रीचा मानकरी ठरला. नातू हरजयही गोल्फच्या मैदानावर उतरला. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत कामी आलेल्या हवालदार बिक्रमसिंग यांच्या सात वर्षांच्या मुलाला या जोडप्याने आपले मानले. आणि २०१३ मध्ये मिल्खासिंगांचे आत्मचरित्र आले, ते त्यांनी मुलगी सोनिया हिच्या साथीने लिहिलेले होते. म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक असलेला बापही घरच्यांनी शेजारी बसून लिहून घ्यावा लागतो!

दोनशे पानी वही

आपल्या घरातल्या माणसावर कुणी चित्रपट काढणार नाही. त्याची आठवण ठेवायची ती आपणच. मावशीने नेमके हेच ओळखले. बसअड्ड्याजवळच्या दुकानातून तिने दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर लिहिले : 'यांना कारल्याची भाजी आवडत नव्हती, पण माझ्या आईने वाढली तेव्हा दोनदा मागून घेतली.'

मी ती वही वाचली. पुण्याहून परतताना काका झेलम एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरत आणि तिथून बस धरत. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात चकलीच्या भाजणीचा डबा. अंबाल्याला एकदा हमालाशी वाद घालता घालता ट्रंक विसरले, डबा मात्र सुखरूप घरी आणला! रोजचा हिशेब लिहिल्याशिवाय ते झोपत नसत. महिनाअखेरीस दोन रुपयांचा फरक निघाला तर घर डोक्यावर घेत. मावशीला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस त्यांनी मुलीची वेणी घातली. वेणी वाकडी व्हायची, मुलगी शाळेत रडायची, तरी घालायचे तेच.

वहीत एक पान जरा वेगळे आहे. मुलाने इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडले तेव्हा काका त्याच्याशी दीड वर्ष बोलले नव्हते. मावशीने तेही लिहिले. ''हे कशाला लिहिलेस?'' मी विचारले.

''का नको? रागीट होतेच ते. पण त्या दीड वर्षात दर रविवारी पुण्याला फोन मला लावायला सांगायचे आणि स्वतः शेजारी पेपर धरून बसायचे. पेपरचे पान काही उलटायचे नाही. नुसते प्रेमळ लिहिले तर ही गोष्ट सांगायची कशी?''

मावसभाऊ हे पान वाचून बराच वेळ गप्प बसला होता म्हणे. रविवारच्या त्या फोनमागे वडील बसलेले असत, हे त्याला ठाऊकच नव्हते. वडिलांशी मिटवायचे राहून गेले, असे त्याला इतकी वर्षे वाटत होते. चार ओळींनी त्याचे ओझे निम्मे उतरले.

आणि नातू? आजोबा गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आता मिसरूड फुटू लागले आहे. मराठी तो बोलतो, पण वाचताना अडखळतो. मावशीच्या फोनमध्ये आजोबांचा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आवाज आहे. आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात नातवाला पाठवलेला : ''तेराचा पाढा म्हटलास का रे? खोटे बोलू नकोस, मला इथून ऐकू येते.'' तो आवाज मावशीने दोघाचौघांच्या फोनवर पाठवून ठेवला आहे. फोनचा काय भरवसा?

आपल्याला काय करता येईल?

तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल. तर घरातल्या माणसांनी एकत्र बसून एकेक प्रसंग लिहून काढावा. गुणांची यादी नको, प्रसंग हवा. 'ते फार काटकसरी होते' यापेक्षा दोन रुपयांचा हिशेब अधिक सांगून जातो. गेलेल्या माणसाचा देव करू नये. देव्हाऱ्यात बसलेल्या आजोबांशी नातवाची मैत्री होत नाही. जुन्या फोटोंच्या पाठीमागे नावे आणि साल आजच लिहावे, ती सांगणारे माणूस नेहमीच असणार नाही. आणि ज्या बाईचा जोडीदार गेला आहे तिच्यासमोर त्याचा विषय टाळू नये. तिला रडू येईल म्हणून आपण गप्प बसतो, आणि ती बिचारी कुणीतरी त्याचे नाव काढावे म्हणून वाट पाहत असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांचे आईवडील समोर बसलेले आहेत त्यांनी वही आजच आणावी. मावशीच्या वहीत काकांच्या लहानपणाचे पान कोरे आहे. ''विचारायचे राहूनच गेले,'' ती म्हणते.

मी निघाले त्याच्या आदल्या रात्री नातवाचा फोन आला. आता दर रविवारी आजीने त्याला एक पान वाचून दाखवायचे, असे ठरले आहे. त्या दिवशी ट्रंकेची गोष्ट होती. ती संपल्यावर त्याने विचारले, ''आजी, पण मग ती ट्रंक सापडली का?''

मावशी हसली. किती दिवसांनी तिला असे हसताना पाहिले! ''सापडली ना,'' ती म्हणाली, ''पण ते पुढच्या रविवारी.''

फोन ठेवून तिने चष्मा पुसला आणि वही उघडली. ट्रंक कशी सापडली, ते अजून लिहायचे होते.