तांबडा दिवा, हिरवा दिवा

महाशिवरात्रीच्या यात्रेनिमित्त यंदा आम्हांस मुक्ताईनगरास जाण्याचा योग आला. गांवाचें जुनें नांव एदलाबाद. वयोवृद्ध मंडळींच्या तोंडीं अद्यापहि तेंच येतें. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें एकत्र कुटुंब आहे. घरांत माणसें चौदा, मिळवते तीन, आणि निर्णय कोणताहि असो, तो माजघरांत आजींच्या खाटेभोंवतीं व्हावयाचा, अशी त्या घराची शिस्त. आम्ही पोंचलों तेव्हां असाच एक निर्णय अर्धवट होऊन पडला होता. कर्ते पुरुष जे अण्णा, त्यांच्या धाकट्या बंधूंचा अठरा वर्षांचा मुलगा जहाजावर जाण्याचा हट्ट धरून बसला होता. आणि शहरांतील कोणा मध्यस्थानें 'सहा महिन्यांचें शिक्षण व मागून हमखास नोकरी' असें सांगून साडेचार लाख रुपये मागितले होते. इसारादाखल चाळीस हजार देऊनहि झाले होते. उरलेल्या रकमेसाठीं आजींनीं आपल्या पाटल्या उतरवून उशाशीं ठेवल्या होत्या.

चांगदेवापाशीं तापी व पूर्णा यांचा संगम होतो आणि तें पाणी पुढें सुरतेजवळून खंबायतच्या आखातांत जातें. समुद्राशीं या घराचा संबंध काय तो एवढाच. आजी आम्हांस म्हणाल्या, "समुद्र ओलांडूं नये हें आमच्या सासऱ्यांचें म्हणणें होतें, तें आम्ही केव्हांच सोडलें. पण हा मुलगा तेथें शिकणार काय, आणि शिकला असें ठरविणार कोण, तेवढें सांगा." प्रश्न इतका नेमका होता कीं, त्याचें उत्तर आमच्या इतर वाचकांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटून या महिन्याचें लेखन त्यासच वाहिलें आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मध्यस्थाच्या पत्रकावर 'रेटिंग कोर्स' असें ठळक छापलें होतें, आणि अण्णांची समजूत अशी कीं, मुलास कांहीं वरची श्रेणी मिळावयाची आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. व्यापारी जहाजावर माणसांचे दोन वर्ग असतात. एक अधिकाऱ्यांचा, दुसरा जो उरला तो रेटिंगांचा. आपल्याकडे या दुसऱ्या वर्गास पूर्वींपासून खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग अशीं एकापेक्षां एक सुरेख नांवें आहेत, आणि हीं नांवें म्हणजेच त्या वर्गांतील पायऱ्या होत. काम मेहनतीचें व मानाचें आहे. परंतु तें अधिकाऱ्याचें नव्हे, हें घरांतील वडीलमंडळींस आधीं ठाऊक असावें. अधिकारी व्हावयाचें तर बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांत मिळून शेंकडा ६० आणि इंग्रजींत शेंकडा ५० गुण पाहिजेत, व भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. खलाशाच्या अभ्यासक्रमास दहावीचे शेंकडा ४० गुण पुरतात. वय साडेसतरा ते पंचवीस. नियमांत वेळोवेळीं बदल होतात, म्हणून ज्या वर्षीं प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षींचें परिपत्रक स्वतः वाचावें.

आतां ठरविणार कोण? १९७८ सालीं लंडन येथें या विषयाचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत १९९५ व २०१० सालीं मोठे फेरफार झाले, आणि जगांतील बहुतेक व्यापारी जहाजें आज त्याच्याच अंमलाखालीं चालतात. त्यांतील आमच्या मतें सर्वांत शहाणपणाचा भाग असा कीं, कौशल्य मोजण्याचें माप नुसती परीक्षा न ठेवतां समुद्रावर काढलेले महिने हें ठेविलें आहे. पहाऱ्यावर उभा राहणारा खलाशी म्हणून दाखला हवा असेल तर वय सोळा पूर्ण असावें व सहा महिन्यांची मान्य समुद्रसेवा असावी; आधीं मान्य शिक्षण घेतलें असल्यास दोन महिन्यांवर भागतें. त्यावरची पायरी पक्क्या खलाशाची. पहिला दाखला हातीं आल्यावर डेकवर आणखी अठरा महिने काढावे, किंवा त्या पायरीचें शिक्षण घेतलेल्यानें बारा. शिक्षणानें महिने कमी होतात. ते शून्य मात्र कोठेंच होत नाहींत. शिवाय या महिन्यांचा हिशेब तोंडी नसतो. कोणत्या जहाजावर केव्हां चढला, केव्हां उतरला, हें खलाशाच्या पुस्तिकेंत शिक्क्यानिशीं लिहिलें जातें. गोव्याकडील दर्यावर्दी या पुस्तिकेस 'नळी' म्हणतात. नळी कोरी, तर वर्गांतील पहिला नंबरहि पुढच्या पायरीस उपयोगाचा नाहीं.

हें ऐकून मुलगा हिरमुसला. सहा महिन्यांत माणूस तयार होतो अशी त्याची कल्पना होती. दुसऱ्या दिवशीं आम्ही सर्व चांगदेवास गेलों. हतनूरच्या धरणानें पाणी तुंबल्यामुळें संगमाचें पात्र आतां चांगलेंच रुंद झालें आहे. होडीवाल्याबरोबर त्याचा नातू होता, आणि होडींत येणारें पाणी डब्यानें उपसून टाकणें एवढेंच त्याचें काम दिसलें. वल्हें त्याच्या हातीं केव्हां देणार, असें आम्ही सहज विचारलें. म्हातारा म्हणाला, एक पावसाळा त्यानें उपसावें. होडींत पाणी कोठून शिरतें हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास वल्हें देऊन काय करावयाचें? लंडनच्या करारांतील कलम आमच्या यजमानांस इतकें समजलें नव्हतें, जितकें हें समजलें.

अशी उमेदवारी नवी नाहीं. भारतीय मुलांस जहाजावरील अधिकाराच्या शिक्षणाची सोय आपल्या देशांत नव्हती, ती १९२७ सालीं मुंबईस 'डफरिन' या नौकेवर झाली. सैन्याची ने-आण करणारें तें जुनें जहाज माझगांवापाशीं नांगरून त्यावरच शाळा भरविली; मुलें तेथेंच राहत, तेथेंच शिकत. तरी डफरिनचा दाखला घेऊन बाहेर पडलेल्यास खऱ्या सफरींवर उमेदवारी चुकत नसे. पहिल्या तुकडींतील राम दास कटारी पुढें १९५८ सालीं भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. डफरिनच्या जागीं १९७२ सालीं 'राजेंद्र' आली, आणि १९९३ सालीं नेरूळ येथें 'चाणक्य' ही संस्था जमिनीवर निघाली. सोयीच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. तथापि नांगरलेल्या जहाजावर निजून जागें होणाऱ्या मुलाच्या अंगीं जें मुरत असेल, तें गेलें याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें.

इतका वेळ दाराआड उभी असलेली घरांतील धाकटी मुलगी येथें पुढें झाली आणि "मुलींना घेतात का?" असें तिनें विचारलें. घेतात. आणि नुसतें घेत नाहींत. आम्हीं तिला 'तारिणी'ची हकीकत सांगितली. १० सप्टेंबर २०१७ रोजीं नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं, गोव्यांत बांधलेल्या त्या शिडाच्या नौकेवरून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजीं परत आल्या. जिनें एकट्यानें प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून नांव मिळविलें त्या 'म्हादेई'वरील दिलीप दोंदे यांच्याजवळ त्या शिकल्या. आधीं वर्गांत नौकानयन, हवामान, संदेशवहन; मग २०१६ सालीं म्हादेईवरून मॉरिशसची वारी; मग तारिणीवरून तेथेंच पुनः एकदां. प्रदक्षिणेच्या अखेरीस सुकाणू नादुरुस्त झालें तेव्हां त्यांस मॉरिशसच्याच बंदरांत शिरावें लागलें. वाट पायाखालची होती. पुढें २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळांत दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच तीच नौका जगाभोंवतीं नेऊन आणिली.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरें सांगावयाचें तर घरें बुडतात तीं येथें. शिक्षणाची फी आणि नोकरीची दलाली हीं दोन खातीं अगदीं वेगळीं आहेत. फी द्यावयाची ती नौवहन महासंचालनालयानें मान्यता दिलेल्या संस्थेस, संस्थेच्या नांवच्या पावतीवर. मान्य संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते, आणि तपासणी करून संस्थांसहि श्रेणी दिली जाते, ती पाहावी. नोकरीबद्दल मात्र खलाशापासून एक पैहि घेतां येत नाहीं. २००६ सालच्या सागरी कामगार कराराचें हें स्पष्ट कलम आहे, आणि भारतानें तो करार २०१५ सालीं मान्य केला आहे. वैद्यकीय दाखला, खलाशाची पुस्तिका व पारपत्र एवढा खर्च उमेदवाराचा, बाकी जहाजमालकाचा. भरती करणाऱ्यापाशीं सरकारी परवाना पाहिजे. आम्हीं अण्णांच्या समोरच त्या मध्यस्थास दूरध्वनीवरून परवान्याचा क्रमांक विचारला व पावती कोणाच्या नांवची मिळेल हेंहि विचारलें. क्रमांक सायंकाळीं कळवितों, असें तो अत्यंत आदरानें म्हणाला. सायंकाळपासून त्याचा दूरध्वनि बंद आहे.

एक गोष्ट मात्र आम्हीं सर्वांच्या आधीं सांगावयास हवी होती. कोणासहि रुपया देण्यापूर्वीं मुलाचे डोळे तपासून घ्यावे, आणि नुसती दृष्टि नव्हे, तर रंगांची ओळख. रात्रीं जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा दिवा असतो, उजव्या अंगास हिरवा. समोरून येणारें जहाज कोणीकडे तोंड करून आहे हें काळोखांत पहाऱ्यावरच्या खलाशानें त्या दोन रंगांवरून सांगावयाचें असतें. हे दोन रंग ज्यास सारखे दिसतात त्यास डेकवर जागा नाहीं, आणि मध्यस्थाच्या पत्रकांत याविषयीं एक अक्षरहि नव्हतें. परत निघतांना आम्ही तेवढें अण्णांच्या कानावर घालून आलों.

पंधरा दिवसांनीं अण्णांचें पत्र आलें. मुलास जळगांवास नेत्रवैद्यांकडे नेलें. रंगीत ठिपक्यांचें पुस्तक त्याच्यापुढें धरलें, तेव्हां सर्वांस आठ दिसणारा आंकडा त्यानें तीन म्हणून वाचला. अठरा वर्षें एका ताटांत जेवणाऱ्या घरास त्याचा पत्ता नव्हता. चाळीस हजारांबद्दल पोलिसांत अर्ज दिला आहे. ते परत येतील अशी आशा अण्णा धरीत नाहींत. आजींनीं पाटल्या पुनः हातांत घातल्या. मुलगा दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं, तिसऱ्या दिवशीं एकटाच संगमावर जाऊन आला. त्याची धाकटी बहीण, तीच दाराआडची, हट्टानें बरोबर गेली होती; पुस्तकांतले सगळे आंकडे तिनें बरोबर वाचले, असें पत्राच्या कडेला वेगळ्या शाईनें लिहिलें आहे.