अधिक करायचे की गुणायचे?

तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिले की हमखास विचारले जाते, ‘बाई, अधिक करायचं की गुणायचं?’ दोष आपण पाढ्यांना नाहीतर वाचनाला देतो. खरी अडचण अशी की, परिस्थिती समजण्याआधीच क्रिया निवडण्याची सवय आपणच मुलांना लावतो. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘पट’ दिसले की गुणाकार, हे आडाखे फार काळ टिकत नाहीत. ‘एका डब्यात 6 लाडू, दुसऱ्यात 4’ आणि ‘एका डब्यात 6 लाडू, असे 4 डबे’ या दोन्हींनंतर ‘एकूण लाडू किती?’ असाच प्रश्न येतो. पण बेरजेत दोन्ही संख्या लाडूंच्या असतात, गुणाकारात एक लाडूंची आणि दुसरी डब्यांची. मीनाच्या 12 पेन्सिली सलीमच्या पेन्सिलींच्या तिप्पट असतील, तर सलीमच्या पेन्सिली काढायला भागाकारच हवा.

ही सवय किती खोल जाते, हे 1980च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे दिसले. जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती, असे प्राथमिक शाळेतल्या 97 मुलांना विचारले गेले. त्यांतल्या 76 जणांनी आकडेमोड करून वय सांगून टाकले. त्यांना बेरीज येत होती. प्रश्नाला अर्थ असतो, याचाच विसर पडला होता.

पाढे पक्के झाले की सगळे जमेल, असे काही जण म्हणतात. पाढे हवेतच, पण सहा चोक चोवीस हे कधी वापरायचे, ते पाढा सांगत नाही. शाब्दिक उदाहरणे मुळातच अवघड, हेही तितकेसे खरे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर होती, शाब्दिक उदाहरणांत 74 टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत फक्त 37 टक्के. म्हणजे संदर्भ कळला तर तो आधारच ठरतो.

अभ्यासक्रम संपवायचा असतो, वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय उदाहरणे कमी करण्याचा आहे. दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा दोनच घ्यावीत, आधी चित्र काढायला लावावे, कोणती संख्या कशाची ते विचारावे आणि 6 × 4 साठी मुलांनाच गोष्ट रचायला सांगावे. पालकांनीही उत्तर तपासण्याआधी ‘यात काय घडतंय?’ एवढे विचारावे.