आडनाव आणि हातगुण

पोट दुखते म्हणून दवाखाना गाठावा आणि पाटीवर 'डॉ. पोटदुखे' वाचावे, तर हसावे की कण्हावे असा प्रश्न रोग्याला पडणारच. आमच्या वऱ्हाडात अशा आडनावांना तोटा नाही. वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावात एखाद्या मानमोडेंच्या मुलाने हाडांचा डॉक्टर व्हायचे म्हटले, तर पारावरची मंडळी नुसत्या पाटीच्या कल्पनेनेच हसून लोळतील. पोटदुखे, मानमोडे, डोईफोडे. बँकेच्या नोकरीत अशी आडनावे खातेपुस्तकांवर रोजचीच. तिथे कुणाला हसू येत नसे. तेच आडनाव 'डॉ.'च्या पुढे आले की विनोद होतो.

साहेबाच्या देशातही हीच गंमत. 'ब्रेन' म्हणजे मेंदू, या नावाच्या तिकडच्या जुन्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांत हेन्री हेड आणि पुढे रसेल ब्रेन होऊन गेले. १९९४ साली 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकाने अशा योगायोगांचे बारसेही केले. नावावरूनच माणसाचा पेशा ठरत असावा, असा त्याचा मिस्कील आशय.

मला हे पटत नाही. आपल्याकडचा पुरावा उलटाच आहे. वैद्य हे आडनाव धंद्यावरून पडलेले. पण चिंतामणराव वैद्यांनी चिकित्सा केली ती इतिहासाची, आणि अरुणकुमार वैद्य १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. दातार म्हणजे देणारा. दंतवैद्याला ते शोभून दिसते ते निव्वळ आपल्या कानांमुळे. वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची पद्धत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये मांडली. आडनावात 'शिर' आहे ते गोव्यातल्या शिरोड्याचे!

कोल्हा म्हणजे लबाड, हे आपण गोष्टींतून शिकलो. पण मेळघाटात बैरागडला एक-दोन रुपये घेऊन रोगी तपासणारे दांपत्य कोल्हेच आहे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. तात्याराव लहाने यांना लहान कोण म्हणेल?

हसण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हजेरी घेताना पोराच्या आडनावावर कोटी करणाऱ्या गुरुजींना आणि वसतिगृहात त्याला त्यावरून पिडणाऱ्या सोबत्यांना. हे पोर पुढे राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलते आणि गावाच्या नावाला 'कर' जोडून मोकळे होते. मग बापाच्या सातबाऱ्यावर एक आडनाव, लेकाच्या पदवीवर दुसरे. बाप गेल्यावर त्याच्या ठेवीसाठी लेक बँकेत येतो, तेव्हा आपण याच बापाचा मुलगा, हे त्याला कागदांनी सिद्ध करावे लागते. याहून केविलवाणे दृश्य मी बँकेच्या काउंटरवर क्वचितच पाहिले.

म्हणून डॉक्टर होऊ घातलेल्या आमच्या पोरापोरींना सांगणे एवढेच, की आजोबांचे आडनाव आहे तसेच पाटीवर लावा. लोक चार दिवस हसतील. पाचव्या दिवशी कुणाला तरी गुण येईल. मग तेच लोक शेजाऱ्याला सांगतील, "पोट दुखतंय ना? मग पोटदुखेंकडेच जा. त्यांचा हातगुण चांगला आहे."