बसवायला सगळे, काढायला कोण?

गर्भनिरोधक इम्प्लांटबद्दल या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी ‘आपल्याकडे कधी येणार?’ एवढीच विचारणा असे. आता विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यातले वाचक-डॉक्टर वेगळंच विचारतात. दुसरीकडे बसवून आलेली बाई दवाखान्यात आली, दंड पुढे केला आणि ‘हे काढून द्या’ म्हणाली, तर तिला पाठवायचं कुठे? प्रश्न साधा आहे. पण जिल्ह्यातला कोणी अधिकारी त्याचं उत्तर गावाच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी एका वाक्यात देईल, असा भरवसा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच वाटत नाही.

हा प्रश्न विंचूरसारख्या गावातून यावा यात नवल नाही. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे, वाइन पार्क इथे, चारी बाजूंना द्राक्षबागा. छाटणीपासून थिनिंगपर्यंतच्या कामांना सुरगाणा-पेठकडून टोळ्या येतात, कांद्याच्या खळ्यांवर परप्रांतीय कुटुंबंही दिसतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये एका काडीचं इम्प्लांट सरकारी कार्यक्रमात आणायचं ठरवलं, तेही निवडक राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांपुरतं. बिहारात पाटणा आणि भागलपूर हे त्यांतले. योजना जिल्ह्यापुरती असते, माणसं नसतात. काडी दंडात तीन वर्षं राहते आणि बागेतला हंगाम तीन-चार महिन्यांत संपतो. भागलपूरला बसवलेली काडी विंचूरच्या खळ्यावर त्रास देऊ लागली, तर बाईने भागलपूरची गाडी धरायची काय?

साधन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एटोनोजेस्ट्रेल ६८ मिलिग्रॅम, चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड काडी, भरलेला अ‍ॅप्लिकेटर, स्थानिक भूल, काही मिनिटांचं काम. हजार स्त्रियांमागे वर्षाला एखादीलाही दिवस जात नाहीत. स्त्री नसबंदीचा आकडाही यापेक्षा थोडा जास्तच आहे. इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं. ‘अंतरा’ची सुई एकदा टोचली की परत घेता येत नाही आणि ती थांबवल्यावर दिवस राहायला सात-आठ-दहा महिने लागू शकतात. इथे काडी काढली की आठवड्याभरात संप्रेरक रक्तात सापडत नाही. पाळणा लांबवायचा आहे, पण तांबी नको आणि रोजची गोळी लक्षात राहत नाही, अशा बाईसाठी हे साधन घडवल्यासारखं आहे.

महाराष्ट्राला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या ४९.१ टक्के विवाहित स्त्रियांनी ‘ऑपरेशन’ करून घेतलेलं होतं. पुरुष नसबंदी ०.४ टक्के. आपल्याकडे कुटुंब नियोजन म्हणजे दुसऱ्या बाळंतपणानंतर बाईचं ऑपरेशन, आणि त्याआधी काहीच नाही. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे विशी-बाविशीत दोन मुलं आणि कायमची शस्त्रक्रिया. या मुलींना तीन वर्षांची उसंत देणारं साधन हाताशी असूनही त्यांच्यासमोर त्याचं नावसुद्धा न घेणारे डॉक्टर-सदस्य आपल्यातच आहेत. ‘आपल्या बायकांना चालत नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. किती जणींना विचारून हा निष्कर्ष काढला, ते मात्र सांगत नाहीत.

चालत नाही ते बहुतेकदा साधन नसतं, त्याआधीचं न झालेलं बोलणं असतं. इम्प्लांटने पाळीचं वेळापत्रक बिघडतं आणि हे प्रत्येकीला आधी सांगावंच लागतं. चाचण्यांमध्ये नव्वद दिवसांचा एक टप्पा धरला, तर साधारण बावीस टक्के टप्प्यांत पाळी आलीच नाही, चौतीस टक्क्यांत क्वचित आली आणि अठरा टक्क्यांच्या आसपास टप्प्यांत रक्तस्राव लांबला. अनियमित रक्तस्रावामुळे काडी काढून घेणाऱ्या स्त्रिया सुमारे अकरा टक्के होत्या. ज्या घरात अजून ‘अडचण’ पाळली जाते, तिथे पंधरा-पंधरा दिवस डाग पडणं ही नुसती वैद्यकीय तक्रार राहत नाही. देवघर बंद, स्वयंपाकघर बंद, सासूचं तोंड सुरू. आणि पाळी चुकली की उलटी धास्ती, दिवस तर गेले नाहीत? दहा मिनिटं बसून हे बोललं, तर निम्म्या तक्रारी दारातच मिटतात. ही दहा मिनिटं कोणत्याच नोंदवहीत धरली जात नाहीत, म्हणून ती कोणी देत नाही.

पण या अंकात मुद्दा समुपदेशनाचा नाही, काढण्याचा आहे. नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटच्या सहा कांड्या १९८३ मध्ये फिनलंडमध्ये पहिल्यांदा मान्य झाल्या, १९९० मध्ये अमेरिकेत आल्या आणि २००२ मध्ये तिथल्या बाजारातून गेल्या. साधन निकामी होतं म्हणून नव्हे. बसवायला शिकलेले डॉक्टर पुष्कळ होते, काढायला शिकलेले थोडे. सहा कांड्या शोधताना दंडांवर व्रण राहिले आणि हजारो स्त्रियांनी दावे लावले. बांगलादेशात काढून मागणाऱ्या स्त्रियांना टोलवलं गेल्याची प्रकरणं ‘उबिनीग’ या संस्थेने नोंदवून ठेवली आहेत. आपल्याकडे १९६५ मध्ये आलेल्या लूपचंही हेच झालं. पहिली दोन वर्षं धडाका, मग रक्तस्रावाच्या तक्रारी, तक्रार ऐकायला जागेवर कोणी नाही, आणि मग अफवा. लूपची ती बदनामी पुढे तांबीलाही चिकटली. आजही तांबी म्हटलं की ‘ती वर सरकते’ हे वाक्य लासलगावच्या आठवडे बाजारात ऐकू येतं.

आता एकच काडी आहे आणि नीट कातडीखाली बसली असेल, तर दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बोटाच्या दाबाने बाहेर येते. अडचण येते ती खोल गेलेल्या काडीची. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये काडी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडल्याच्या विरळा घटना कळवल्या आणि २०२० मध्ये बसवण्याची जागा बदलल्याचं सांगितलं. आतल्या एपिकॉन्डाइलपासून आठ ते दहा सेंटिमीटर वर आणि बायसेप्स-ट्रायसेप्समधल्या खाचेपासून तीन ते पाच सेंटिमीटर मागे, म्हणजे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांपासून दूर. जुन्या पुस्तकातली आकृती पाहून खाचेतच सुई घालणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी आज बदलावी.

काडी हाताला लागली नाही तर काय? तिच्यात बेरियम सल्फेट असल्यामुळे ती आहे की नाही, हे साधा एक्स-रे सांगतो. किती खोल आहे, कोणत्या स्नायूत आहे, हे पाहायला मात्र उच्च वारंवारितेचा लिनिअर प्रोब लागतो, आणि तिथे सरकारी गंमत सुरू होते. सोनोग्राफी यंत्र म्हटलं की गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा आला. नोंदणी, ठरलेली जागा, ठरलेला वापरणारा. मशीन दंड पाहणार आहे की गर्भ, याच्याशी कागदाला देणंघेणं नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावात छोटा प्रोब घेऊन बसायला कोणी धजावत नाही. एक सील लागलं की वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे प्रत्येकाने शेजाऱ्याच्या अनुभवावरून शिकून ठेवलं आहे. परिणामी चार सेंटिमीटरच्या काडीसाठी बाई विंचूरहून नाशिकला. दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणीतरी हवं, आणि तिथे गेल्यावर कळतं की आज सोनोग्राफीचा वार नाही.

कायदा सैल करा, असं हे मासिक म्हणत नाही. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला आणि तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या. तेव्हा धाक हवाच. पण धाक आणि सोय एका जागी नांदू शकतात. जिल्हा रुग्णालयात आधीच नोंदणी झालेली यंत्रं असतात. त्यांतल्या एकाला लिनिअर प्रोब जोडून आठवड्याचा एक वार ‘हाताला न लागणाऱ्या काड्यां’साठी राखायला कोणत्या कलमाची आडकाठी आहे? निफाडच्या उपजिल्हा रुग्णालयाला हीच जबाबदारी दिली, तर येवला-चांदवडच्या बायकांचाही फेरा वाचेल. लागते ती एका सहीची शाई.

सही होत नाही, कारण मासिक आढाव्यात कोणी ‘किती काढल्या आणि का’ असं कळकळीने विचारत नाही. उद्दिष्टं १९९६ मध्ये कागदावरून गेली, बैठकीतून गेली नाहीत. ‘अपेक्षित कामगिरी’ हे त्यांचं नवं नाव. बाजार समितीत नुसती आवक मोजावी आणि जावक विचारूच नये, तसा हा हिशोब. एएनएमने दहा बसवल्या तर टाळ्या. तिनेच मागणी आली म्हणून तीन काढायला मदत केली, तर ‘तुमच्याकडे ड्रॉपआउट जास्त दिसतात’ असा टोमणा. मग ती बाईला समजावत बसते, ‘थोडं सहन कर, सहा महिन्यांत बसेल सगळं.’ कधी खरंच बसतं. पण बाई दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली आणि तरी काडी दंडातच राहिली, तर त्याला समुपदेशन म्हणत नाहीत.

त्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो, ‘मालकांना विचारलं का?’ प्रौढ स्त्रीला गर्भनिरोधक देताना नवऱ्याची संमती लागत नाही. केंद्राच्या मानकांप्रमाणे नसबंदीलाही लागत नाही. काढतानाही लागत नाही. हे वाक्य छापून प्रत्येक दवाखान्यात लावावं लागतं, ही आपली शोभा.

स्त्री संघटनांचा इम्प्लांटवरचा अविश्वास अनेक सदस्यांना खटकतो. तो अविश्वास हवेतून आलेला नाही. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीत हैदराबादजवळ पटांचेरूच्या बायकांना आपल्यावर प्रयोग होतो आहे हेच सांगितलं गेलं नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याआधी १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणि २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिरात एकाच दिवशी ८३ जणींची ऑपरेशनं उरकली, त्यांतल्या तेरा गेल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला शिबिरं बंद करा म्हणून सांगावं लागलं. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ते निर्णय बाईच्या हाती यावा म्हणून. बाईच्या दंडात असलेली, पण तिला स्वतःहून काढता न येणारी वस्तू त्या कसोटीला उतरायची, तर काढणारा हात तिच्या पल्ल्यात असला पाहिजे. संघटनांचं म्हणणंही याहून फार वेगळं नाही. आपण ते शत्रूचं म्हणून ऐकतो एवढंच.

जाता जाता एक क्लिनिकल आठवण. क्षयाचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथल्या बाईला काडी बसवण्यापूर्वी ती स्वतः रिफाम्पिसिनवर आहे का, हे विचारा. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही काडीचा परिणाम उतरवतात. अशा बाईला तांबी द्या किंवा ‘अंतरा’ द्या. इम्प्लांट असताना दिवस गेल्याच्या गोष्टी गावभर फिरतात. त्यामागची गोळी कोणी सांगत नाही.

सदस्यांनी आता आरोग्य खात्याच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. ज्याला काढता येत नाही त्याने बसवू नये, हा नियम आपण आपल्यापुरता आजपासून पाळू शकतो. काडी बसवल्यावर स्वतः चाचपा, बाईलाही तिथेच चाचपायला लावा. हाताला लागली नाही तर तिला त्याच दिवशी एक्स-रेला पाठवा. कार्डावर तारीख, हात, बॅच आणि काढण्याची तारीख मराठीत लिहा, आणि कार्डाचा फोटो तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून द्या, कारण कागद छाटणीच्या टोळीबरोबर टिकत नाही. दुसऱ्याने बसवलेली काडी ‘ज्याने घातली त्याच्याकडे जा’ म्हणून परत पाठवू नका.

निफाड, येवला, चांदवड आणि दिंडोरी या तालुक्यांतल्या ज्या सदस्यांनी इम्प्लांट काढण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे, त्यांनी आपलं नाव, दवाखान्याचा पत्ता आणि आठवड्यातला वार या महिनाअखेर कार्यालयाकडे कळवावा. पुढच्या अंकापासून ही यादी शेवटच्या पानावर छापली जाईल आणि तिची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना दिली जाईल. एकही नाव आलं नाही, तर पान कोरं छापू.