विनोदाचा वारसा

पितृपक्षात दिवंगत वडिलांच्या आवडीचा पदार्थ पानावर आठवणीने वाढला जातो. त्यांचा विनोद जपण्याचा विधी मात्र आपल्याकडे नाही. वडील गंभीर असावेत आणि गुरू त्याहूनही गंभीर, असा आपला समज. त्यामुळे ज्यांनी आपल्याला जन्मभर हसविले, त्यांच्या आठवणीही आपण सुतकी चेहऱ्याने काढतो.

आमचे वडीलच आमचे पहिले गुरू. नोकरीनिमित्त ते वडोदऱ्यास आले आणि येथलेच झाले. व्यवसायाने शिक्षक, आमचे निबंधही तेच तपासत. अवजड शब्दांनी भरलेले पान हातावर तोलून ते म्हणत, "शब्द शेरभर, अर्थ गुंजभर. हिशेब जुळत नाही." आम्ही मुकाट्याने ते पान पुन्हा लिहीत असू. रागावण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली.

त्यांचा दंडक एकच : थट्टा आधी स्वतःची. तो त्यांनी मराठीतील थोर विनोदकारांकडून घेतला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) 'सुदाम्याचे पोहे'मधून रूढींची थट्टा केली. नवसारीस १८८५ साली जन्मलेले राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. आमच्या वडोदऱ्यातच पाली भाषा शिकविणाऱ्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव तर आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. वडील म्हणत, "समाजाला हसायचे ते कोल्हटकरांकडून शिकावे, स्वतःला हसायचे ते चिमणरावाकडून."

या दंडकाचे मोल आम्हांला एका पंगतीत कळले. आमच्या धाकट्या वहिनी गुजराती. लग्न नवे, मराठी त्याहून नवी. त्यांनी आदराने विचारले, "आत्याबाई जमल्या का?" गुजरातीत 'जमवुं' म्हणजे जेवणे. पंगतीत हशा पिकला आणि वहिनींचे डोळे भरून आले. वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "मी या गावी नवा होतो तेव्हा शेजारच्या काकांनी विचारले, 'जम्या?' मला वाटले, नोकरीचे विचारताहेत. मी म्हटले, 'अजून नाही, पण हळूहळू जमेल.' त्यांनी हात धरून मला पाटावर बसविले. तेव्हा, सूनबाई, तुमची चूक या घरात माझ्यापासून चालत आली आहे." सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या वहिनी. त्या दिवसापासून त्या निःसंकोच मराठी बोलू लागल्या.

वडील गेले. हा विनोद कळायला मात्र दोन्ही भाषा याव्या लागतात. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या घरांत म्हणूनच एक धास्ती असते. नातवंडांची मराठी सुटली, तर आजोबांचा फोटो भिंतीवर राहील; त्यांचे हसणे मात्र घरातून जाईल. कोटीचा अर्थ फोड करून सांगता येतो, पण तिच्यातली गंमत फोड करताच उडून जाते.

वाचकहो, आपल्या घरातील अशा कोट्या आणि फजित्या एका वहीत टिपून ठेवा, आणि श्राद्धाच्या दिवशी मुलांना मोकळेपणाने सांगा. वडिलांच्या आठवणीने हसू येणे हा त्यांचा अनादर नव्हे. आमच्या घरी ती 'जम्या'ची गोष्ट आता वहिनीच सांगतात, अस्खलित मराठीत. सासऱ्यांचा आवाजही त्यांना हुबेहूब काढता येतो.