उजळणी कशाची, विज्ञानाची की व्याख्यांची?

सत्रपरीक्षा जवळ आली की सहावी ते आठवीच्या मुलांच्या घरात सामान्य विज्ञानाचं पुस्तक पहिल्यांदा नीट उघडतं आणि ‘उजळणी’ नावाची धावपळ सुरू होते. आता या धावपळीला एक तत्त्वज्ञही लाभला आहे. हे गृहस्थ पालकसभांतून व्याख्यानं देतात, पडद्यावर आलेख दाखवतात आणि विज्ञानाची उजळणी कशी करून घ्यावी याचा मंत्र देतात. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. त्यांच्यापेक्षा त्यांच्यासमोर माना डोलावणाऱ्या पालकांची मला जास्त काळजी वाटते.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. एक, मूल वाचलेलं चोवीस तासांत दोन तृतीयांश विसरतं आणि हे शास्त्राने सिद्ध झालं आहे. म्हणून प्रत्येक धड्याच्या व्याख्या, रिकाम्या जागा आणि ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची उत्तरं पाच-पाच वेळा म्हणून घ्यावीत. दोन, पाढे पाठ झाले की गणित येतं, तशा व्याख्या पाठ झाल्या की विज्ञान येतं. तीन, पाठांतर ही आपली परंपरा आहे. चार, प्रयोग करायला ना वेळ ना साहित्य. पाच, परीक्षेत पुस्तकातलेच शब्द मागतात. आणि समजण्याचं काय? ते पुढे कॉलेजात आपोआप होतं.

शेवटापासून सुरुवात करू. कॉलेजात समजेल म्हणणाऱ्यांना कॉलेजातले प्राध्यापक काय म्हणतात ते विचारा. ‘हे तर शाळेतच व्हायला हवं होतं,’ असं म्हणतात. म्हणजे समजण्याचं खातं कुणाकडेच नाही.

पाढ्यांचा दाखला ऐकायला गोड आहे, पण लागू पडत नाही. ‘सात आठे छप्पन्न’ हे स्वतःच उत्तर आहे. ते लगेच हिशेबात खर्ची पडतं. ‘एकक आकारमानात असलेलं वस्तुमान म्हणजे घनता’ हे वाक्य कुठेच खर्ची पडत नाही, जोवर तेल पाण्यावर का तरंगतं असं कुणी विचारत नाही. आणि ते विचारायला या पद्धतीत वेळच नसतो.

परंपरेबद्दल एवढंच सांगतो की वेद पाठ करून अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे नुसता ओझं वाहणारा खांब, अशा अर्थाचं वचन यास्काच्या निरुक्तात आहे. परंपरा सांगायची तर पुरती सांगावी.

आता येतो तो आलेख. खरं तर हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतला. विस्मरणाचा हा आलेख आज प्रत्येक प्रेरक व्याख्यात्याच्या पोतडीत असतो. वरून घसरगुंडीसारखी खाली येणारी रेघ, खाली तास आणि दिवस, बाजूला टक्के. वक्ता काठी टेकवून म्हणतो, ‘पाहा, एका दिवसात तुमचं मूल सहासष्ट टक्के विसरलं.’ सभागृहातल्या आया एकमेकींकडे पाहतात. सभागृहाबाहेर प्रश्नसंच विकायला मांडलेले असतातच.

हा आलेख आला कुठून? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तिथून. त्याने प्रयोग केले ते एकाच माणसावर, स्वतःवर. तुमच्या-माझ्या मुलाला त्याने तपासलं नव्हतं. तेही सोडून देऊ, कारण त्याचं काम चिकाटीचं होतं आणि त्याचे निष्कर्ष बरेचसे टिकले आहेत. प्रश्न असा आहे की त्याने पाठ काय केलं? त्याने सुमारे २३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर. आपल्याकडे ‘झॅफ’, ‘कुव’, ‘गेड’ म्हणावं तसे. कशाचाही अर्थ नाही, कशाशीही संबंध नाही. अर्थ असलेले शब्द घेतले तर जुन्या ओळखी आणि आठवणी मदतीला येतात आणि नुसत्या स्मरणाचं मोजमाप बिघडतं, म्हणून त्याने मुद्दाम हा निरर्थक माल घेतला. या अक्षरगटांची यादी पाठ करायची, काही काळ थांबायचं आणि पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कष्ट कमी पडले ते मोजायचं. वीस मिनिटांनी बचत सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, एका महिन्याने सुमारे २१ टक्के. पडद्यावरचे सहासष्ट टक्के या ३४ टक्क्यांवरून काढलेले आहेत. मोजली होती ती पुन्हा पाठ करतानाची बचत. ‘मूल किती विसरलं’ हे त्यात कुणी मोजलेलंच नाही.

आणि त्याच एबिंगहाउसने बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातली कडवीही पाठ करून पाहिली होती. तेवढ्याच लांबीच्या अर्थहीन अक्षरांना जितके कष्ट पडत, त्याच्या साधारण एक दशांश कष्टांत कविता पाठ झाली. म्हणजे ज्याच्या नावाने घोकंपट्टी विकली जाते, त्याचाच प्रयोग सांगतो की अर्थ कळला तर पाठांतराचे दहातले नऊ भाग वाचतात. आमच्या व्याख्यात्यांनी पुस्तकाचा पहिला भाग वाचला असावा, किंवा नुसता आलेख पाहिला असावा. दुसरी शक्यता अधिक.

जरा विचार करा. विस्मरणाचा हा आलेख सातवीच्या विज्ञानाला जसाच्या तसा लागू पडतो असं जो म्हणतो, तो नकळत काय कबूल करतो? मुलांना शिकवलेलं विज्ञान त्यांच्या लेखी ‘झॅफ, कुव, गेड’ आहे, हेच. ‘बाष्पीभवन’, ‘संघनन’, ‘संप्लवन’ हे त्या मुलांसाठी तीन अर्थहीन अक्षरगट आहेत आणि म्हणून ते एका दिवसात गळून पडतात. रोग बरोबर सापडला आहे. पण औषध म्हणून हे गृहस्थ त्याच रोगाचा दुप्पट डोस देतात!

परवा शेजारच्या सातवीतल्या मुलीची उजळणी ऐकत बसलो होतो. ‘वायूचे द्रवात रूपांतर होण्याच्या क्रियेला संघनन म्हणतात,’ तिने एका दमात म्हटलं. टेबलावर तिच्यासाठी आणलेलं बर्फ घातलेलं सरबत स्टीलच्या पेल्यात होतं आणि पेल्याला बाहेरून घाम फुटला होता. मी विचारलं, हे थेंब कुठून आले? ‘आतलं पाणी झिरपलं असेल, काका.’ स्टीलमधून? ती थबकली. मग म्हणाली, ‘वरून सांडलं असेल.’ व्याख्या तिच्या तोंडात आणि संघनन तिच्या हाताखाली, पण दोघांची ओळखच झालेली नव्हती. आम्ही दुसऱ्या कोरड्या पेल्यात हळदीचं पाणी आणि बर्फ घातला. आत पिवळं, बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ. तिने बोटाने एक थेंब पुसला, कागदावर टेकवला, पिवळा डाग पडतो का ते पाहिलं. नाही पडला. मग तीच म्हणाली, ‘म्हणजे हे हवेतलं आहे.’ एवढं झाल्यावर तिला ती व्याख्या परत म्हणायला सांगायची मला गरज वाटली नाही. साहित्य नाही म्हणणाऱ्यांसाठी लागलेलं साहित्य सांगतो: पेला, बर्फ, चिमूटभर हळद.

पाण्याच्या उत्कलनांकाचंही तेच. ‘१०० अंश सेल्सिअस’ हे उत्तर महाराष्ट्रभरच्या वह्यांत असतं. समुद्रसपाटीवर ते बरोबर आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशालाच उकळतं, आणि प्रेशर कुकरमध्ये शंभराच्या वर जातं. पण ‘कुठे?’ हा प्रश्न वहीत नसतो. तसंच पृथ्वीच्या परिभ्रमणाची व्याख्या अचूक सांगणारी मुलं उन्हाळ्याचं कारण विचारलं की ‘तेव्हा पृथ्वी सूर्याजवळ येते’ असं ठोकून देतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख. ही चूक पाचदा म्हणून घेतल्याने सुधारत नाही. उलट ती व्याख्येच्या पांघरुणाखाली सुखाने झोपते.

हा वाद तसा जुना आहे. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत एका अधिकाऱ्याने मला समजावलं होतं की आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना गुण आहेत, आता घोकंपट्टी संपलीच. संपली कसली, तिने कपडे बदलले. प्रकल्पवह्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागल्या. विज्ञान प्रदर्शनात तोच थर्माकोलचा ज्वालामुखी, तोच खाण्याचा सोडा, तेच व्हिनेगर. आणि फेस का येतो विचारलं तर मूल बाबांकडे पाहतं. त्यात शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी आहे, विज्ञान नाही. मग जादा तास सगळे तिकडे, आणि विज्ञान सत्राच्या शेवटी चार दिवसांत उरकायचं. आमच्या व्याख्यात्यांचा मंत्र याच चार दिवसांसाठी रचलेला आहे. असो.

परीक्षेत पुस्तकातलेच शब्द मागतात हा आक्षेप मात्र खोटा नाही. पण परीक्षा माणसंच काढतात. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पसरला. त्यात याच वयाची, सहावी ते आठवीची, सरकारी शाळांतली मुलं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देत आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी असे. २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षं जे खेड्यांतल्या शाळांत चाललं ते अशक्य आहे, असं आता कुणी सांगू नये.

मग उजळणी करायची तरी कशी? फार मोठं शास्त्र नाही.

काही गोष्टी पाठच करायच्या आणि त्याबद्दल लाजायचं नाही: मूलद्रव्यांच्या संज्ञा, एककं, ग्रहांचा क्रम. ही यादी एका पानात मावते. बाकी सगळ्यासाठी पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं किंवा चित्र काढायचं, मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सूर्यावरचा आणि पाणमांजरांवरचा उतारा देऊन हे तपासलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर एकदा वाचून आठवून लिहिणारे पुढे गेले. उद्याच्या परीक्षेपुरतं पाहणाऱ्याला घोकणं का फायद्याचं वाटतं, तेही यातून कळतं. शिवाय चार दिवसांत दहा धडे कोंबण्यापेक्षा दर आठवड्याला मागच्या एखाद्या धड्यातला एक प्रश्न घ्यावा. अंतर ठेवून केलेलं पाठांतर जास्त टिकतं, हेही एबिंगहाउसच सांगून गेला आहे. आमच्या व्याख्यात्यांनी तेवढंच नेमकं गाळलं.

आणि प्रत्येक व्याख्येला ‘कशावरून?’ आणि ‘इथे कुठे दिसतं?’ हे दोन प्रश्न जोडावेत. हळदीच्या डागाला साबण लावून तो लाल होताना पाहावा, मग दर्शक म्हणजे काय ते सांगावं. अंगणात काठी उभी करून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते टिपावं. पुण्यात ती बाराच्या ठोक्याला पडत नाही, साडेबाराच्या आगेमागे पडते, आणि का, हे विचारलं की भूगोलाचीही उजळणी होते.

पालकांना एकच विनंती आहे. पुढच्या सभेत तो आलेख पडद्यावर आला की हात वर करा आणि विचारा, ‘सर, यात पाठ काय केलं होतं?’ उत्तर आलं नाही तर प्रश्नसंच विकत घेऊ नका. त्या पैशांत बर्फ, हळद आणि एक साधा तापमापक येतो.