ओसरीवरून : खुर्ची मापाची हवी



बर्फ वितळले, गराज साफ करायचे दिवस आले की मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक फोन हमखास येतो. "बाबांची व्हीलचेअर पडून आहे हो. अगदी चांगली आहे. भारतात कुणाला पाठवता येईल का?" विचारणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. बाबा गेलेले असतात, खुर्ची टाकवत नाही, आणि गावाकडे कुणाला तरी जमिनीवरून सरकत जाताना आपण सगळ्यांनीच पाहिलेले असते. तेव्हा या अंकात त्या खुर्चीविषयीच चार गोष्टी बोलू या म्हटले.

इथे राहून आपल्याला व्हीलचेअरची चांगलीच सवय झाली आहे. आई-बाबा यायचे ठरले की तिकिटाबरोबर आपण "व्हीलचेअर सांगून टाक" म्हणतो. निम्म्या वेळा कारण गुडघे नसतात, इंग्रजी असते! विमान कंपनी ही मदत फुकट देते ती १९८६ च्या एअर कॅरियर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टमुळे. लायब्ररीच्या दाराशी उतार आणि बसला चढण्याची सोय आली ती १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टमुळे. तो कायदा काही आपसूक झाला नाही. त्या वर्षी १२ मार्चला अनेक अपंगांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्या रांगत, सरपटत चढून दाखवल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. म्हणजे खुर्चीचे निम्मे काम चाके करतात आणि निम्मे तिच्याखालचा रस्ता.

मग तीच खुर्ची आपल्या गावी पोचली तर? एका तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही परदेशातून भेट आलेल्या सहा खुर्च्या पाहिल्या. तिथला कर्मचारी म्हणाला, "खुर्च्या झकास आहेत साहेब, पण या मापाची ट्यूब इथं मिळत नाही. आणि पुढची बारकी चाकं मुरमात रुततात." सहाच्या सहा खुर्च्यांवर धूळ बसली होती. विमानतळावरची किंवा हॉस्पिटलातली खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी, दुसऱ्याने ढकलण्यासाठी आणि तासाभरापुरती बसण्यासाठी केलेली असते. गावातल्या माणसाला मात्र त्याच खुर्चीत रोज आठ-दहा तास काढायचे असतात.

हे ओळखणारा एक अमेरिकन इंजिनिअर म्हणजे राल्फ हॉचकिस. १९६६ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्यांचे पाय गेले. १९८० मध्ये ते निकाराग्वाला गेले तेव्हा चार तरुण एकच खुर्ची वाटून वापरताना आणि स्वतःच दुरुस्त करताना त्यांना दिसले. तेव्हापासून त्यांनी पेटंट न घेता अशा खुर्च्यांचे आराखडे केले, की ज्या स्थानिक वेल्डरला बनवता याव्यात आणि सायकल दुकानात दुरुस्त व्हाव्यात. पुढे सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत व्हर्लविंड व्हीलचेअर हा त्यांचा उपक्रम उभा राहिला. पुढची चाके रुंद आणि मऊ रबराची, दोन चाकांतले अंतर जास्त, म्हणजे खडबडीत रस्त्यावर खुर्ची तोंडघशी पडत नाही. गोष्टी साध्याच, पण त्या सुचायला स्वतः खुर्चीत बसावे लागले.

दुसरा मुद्दा मापाचा. दुसऱ्याचा चष्मा आपण लावत नाही, मग दुसऱ्याची खुर्ची कशी चालेल? बैठक रुंद झाली तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीला बाक येतो. फार खोल झाली तर गुडघ्यामागे कड रुतते. आणि गादी नसेल तर सगळ्यांत वाईट. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला टोचलेले कळत नाही. दाबाखालच्या कातडीला रक्त मिळत नाही आणि जखम आतून हाडापर्यंत जाते. 'सुपरमॅन' ख्रिस्तोफर रीव्ह आठवत असेल. उत्तमोत्तम उपचार हाताशी असूनही २००४ मधल्या त्याच्या शेवटच्या आजारपणात अशाच एका जखमेतला संसर्ग होता. मग गावातल्या गरिबाचे काय? फुकट मिळालेली बिनमापाची खुर्ची त्याच्या जिवावर उठू शकते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये मार्गदर्शिका काढून सांगितले, की खुर्ची देणे ही आठ पायऱ्यांची सेवा आहे. नाव नोंदणे, तपासणी, निवड, पैशांची सोय व मागणी, जुळणी, मापाला बसवणे, वापराचे शिक्षण, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती. आपण खुर्ची पार्सल करतो तेव्हा या आठांपैकी जेमतेम एक पायरी चढतो. संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे जगात ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे. कॅलिफोर्नियाच्या फ्री व्हीलचेअर मिशनने २००१ मध्ये बागेतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि सायकलची चाके जोडून काम सुरू केले, तेही आधी भारतातच, चेन्नईला. पण त्यांनाही पुढे मापाला जुळवता येणाऱ्या खुर्च्या काढाव्या लागल्या.

मग आपण करायचे काय? गराजमधली खुर्ची इथेच द्यावी. अनेक गावांत सिनिअर सेंटर किंवा चर्च अशा वस्तू उसन्या देतात. तिथे ती दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी उपयोगी पडते. आणि पार्सलला जे डॉलर लागले असते ते भारतात जिथे माप घेऊन खुर्ची दिली जाते तिथे पाठवावेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे बळ गेले, आणि १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली. खुर्चीबरोबर शाळा, वसतिगृह आणि रोजगार लागतो, हे अशा संस्थांना कुणी शिकवावे लागत नाही. शिवाय उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून साधने मिळतात. गावाकडच्या नातेवाइकाला नुसता अर्ज भरून दिलात तरी मोठे काम होईल.

देणगीबाबत एक सूचना. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा, ओसीआय कार्ड असले तरी, भारतात परदेशी मदत समजला जातो. तो फक्त एफसीआरए नोंदणी (किंवा त्या कायद्याखाली आगाऊ परवानगी) असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. तेव्हा चेक फाडण्याआधी संस्थेला नोंदणीविषयी जरूर विचारावे.

आता थोडे घरचे. आपले आई-वडील तिकडे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची वेळ आली तर आधी दार मोजा. अठरा इंच बैठकीची साधी खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते. बैठकीच्या खोलीत ती ऐटीत फिरेल, पण न्हाणीघराच्या दाराशी अडेल! दाराला निदान बत्तीस इंच मोकळी जागा हवी. उताराचे गणित सोपे आहे. पायरी जितके इंच उंच तितके फूट लांब. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवायचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे.

येत्या डिसेंबरात जाल तेव्हा चॉकलेटांच्या पाकिटांशेजारी एक मोजपट्टी ठेवा. वजन काही फार होणार नाही. आणि कुणी असे काम जवळून पाहिले असेल तर आम्हाला जरूर लिहा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो.